‘जूनमध्ये बघू’ : आठ वर्षं सीएचबीवर असलेल्या मॅडमचं पत्र

पत्र मोठं होतं, थोडं कमी केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

“ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला बॉटनी शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. वय ३६. सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, पास झालेय, पीएचडी झालीय. आठ वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये पेपरात जाहिरात, परत अर्ज, परत मुलाखत, मग विद्यापीठाची मान्यता, आणि एप्रिल संपला की आपण मोकळे. आठवड्याला नऊ तासिका, तासाला ९०० रुपये, पण पेमेंट कधी चार महिन्यांनी येतं कधी सहा. आजारी पडले तर तास गेला, पैसे गेले. माझं मस्टरसुद्धा वेगळं आहे. नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, अॅडमिशन, एनएसएस कॅम्प हे सगळं मात्र करते कारण नाही म्हटलं तर जूनमध्ये काय होईल.

दोन वर्षांपासून मला काहीतरी होतंय. प्राचार्यांचा ‘मॅडम जरा येऊन जा’ एवढा मेसेज आला तरी छाती धडधडते. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मार्चपासून मुलीवर ओरडते, ती पाच वर्षांची आहे, तिचा काय दोष. मे महिन्यात वेळच वेळ असतो, पुस्तकं आणून ठेवते, एक पान वाचवत नाही. भरतीच्या ग्रुपवर दिवसभर बघत बसते. मिस्टर पतसंस्थेत परमनंट आहेत, ते म्हणतात सोड ना, मी आहे ना, बस घरी. ते चांगल्या मनाने म्हणतात पण मला ते ऐकलं की रडू येतं. परवा टीवायची, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाची, एक मुलगी म्हणाली मॅडम मला तुमच्यासारखं प्रोफेसर व्हायचंय, मला काय बोलावं कळेना. माझ्याबरोबरच्या एकीने हेच सगळं आनंदाने चालवलंय, मग मीच कमकुवत आहे का? कधीकधी रात्री वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं. पण तसं काही नाही, मुलगी आहे ना. यातून बाहेर कसं यायचं?”

अगं, मी आधी शेवटाकडच्या त्या ओळीवर येते. सकाळी जागच आली नाही तर बरं, हे तू लिहिलंस आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘तसं काही नाही’ म्हणून झाकून टाकलंस. ते झाकू नकोस. असा विचार येणाऱ्या माणसांना खरोखर मरायचंच असतं असं नसतं, बऱ्याचदा त्यांना फक्त हे सगळं थांबायला हवं असतं, पण म्हणून तो विचार साधा ठरत नाही. आज रात्री मुलगी झोपली की मिस्टरांना हे सांग, आणि ‘टेन्शन आहे’ असं गुळमुळीत नको, मला लिहिलंस त्याच शब्दांत सांग. १४४१६ हा टेली मानसचा नंबर फोनमध्ये सेव्ह कर, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि हा विचार नुसता येऊन जाण्याऐवजी ‘कसं’ आणि ‘कधी’ याकडे वळायला लागला तर त्या रात्री एकटी राहू नकोस, सकाळची वाट न बघता घरच्या कुणाला तरी घेऊन सरळ दवाखाना गाठ.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप गेलेली, चिडचिड, वाचायला बसलं की लक्ष नाही, आणि वर हा विचार, एवढं असल्यावर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच, यात माझं दुसरं मत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलला सोय असते, प्रायव्हेटला परवडत असेल तर तसं. जाताना हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह एवढ्या तपासण्या करून जा, कारण आपल्याकडच्या बायकांचं यातलं काहीतरी बऱ्याचदा कमी-जास्त निघतं आणि थकव्याचा अर्धा भाग तिथे असू शकतो. गोळी लिहून दिली तर घे. गोळीने जाहिरात निघणार नाही हे मला माहितीये, पण झोप लागली तर पुढचं जे मी सांगणार आहे ते करायची ताकद येईल.

आता तुझा मुख्य प्रश्न, मीच कमकुवत आहे का. नाही. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

माणसाला वाईट बातमीचा त्रास होतो हे सगळ्यांनाच माहितीये. पण बातमी वाईट येणार का चांगली हेच माहीत नसणं, याचा त्रास वेगळा असतो आणि बऱ्याचदा जास्त असतो. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला होता, दगडाखाली साप आहे का नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा हलकासा झटका. किती घाम येतो, डोळ्याची बाहुली किती मोठी होते, हे सगळं मोजलं. झटका शंभर टक्के बसणार हे माहीत असताना ते तुलनेने शांत होते. सगळ्यात जास्त ताण कधी आला तर शक्यता बरोब्बर निम्मी-निम्मी असताना. तुझा जून म्हणजे हेच आहे बघ, घेतील किंवा नाही घेणार, आणि तू हे आठ वर्षं सहन करतेयस. ‘येऊन जा’ म्हटल्यावर छाती धडधडते कारण तुझ्या शरीराने आठ वर्षांत शिकून घेतलंय की प्राचार्यांच्या केबिनमधून काहीही येऊ शकतं. शरीर त्याचं काम चोख करतंय, फक्त त्याला सुट्टी कुणी देत नाहीये.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगार असायचे. रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार आला नसेल तर आत घेणार, नाहीतर परत घरी. वर्षानुवर्षं बदलीवर काढलेली माणसं होती त्यात. तू पीएचडी आहेस, तुझ्या हातात खडू आहे, लोक तुला मॅडम म्हणतात, त्यामुळे तुला ते आठवत नाही, पण गेट तेच आहे, फक्त रोज उघडायचं ते आता वर्षातून एकदा उघडतं. आणि त्या गेटवर उभं राहणाऱ्या माणसाला घरी गेल्यावर बायकापोरांवर चिडचिड होत नसेल का?

अजून एक सांगते, हे तू ऊसपट्ट्यातली म्हणून मुद्दाम. तमिळनाडूत ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये छापून आला. तोडणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, त्याच त्याच माणसांना कोडी आणि लक्ष लागतंय का बघणाऱ्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, घर तेच, बुद्धी तीच, पण पैसे यायच्या आधी त्यांची कामगिरी खाली गेलेली होती. डोकं पैशाचा हिशोब करण्यात गुंतलेलं असलं की बाकीच्या गोष्टींना उरतच नाही. सहा महिने पेमेंट थकलेलं असताना तुला लेक्चरची तयारी जड जाते, नाव विसरायला होतं, गॅस बंद केला का नाही आठवत नाही, हे सगळं तू ‘माझी आता काही लायकीच राहिली नाही’ या खात्यात टाकत असशील. ते त्या खात्यातलं नाहीये. आणि इथे मला राग येतो तो असा की शेतकऱ्याच्या उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, कारखाने तो पाळोत न पाळोत पण बोट ठेवायला नियम तरी आहे. तुझ्या तासिकेच्या बिलाबाबत तुला दाखवायला कॉलेजने साधी एक तारीखही दिलेली नाही.

मे महिन्याचं म्हणतेस ना, वेळच वेळ आणि पान वाचवत नाही. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे, १९३० च्या आसपास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले, लोक काय करतात ते बघायला. वाटेल की आता वेळ आहे तर लोक वाचतील, पण झालं उलटंच, गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. रस्त्याने चालायचा वेगसुद्धा मंदावला होता पुरुषांचा. नोकरी पगार देते हे दिसतं, पण ती दिवसाला आकार देते, घराबाहेरची चार माणसं देते, आपण कुठेतरी लागतो ही भावना देते, हे याहोदाने नंतर नीट मांडलं. तुझं ते सगळं ३० एप्रिलला एका दिवसात काढून घेतलं जातं आणि बरोबर अजून एक गोष्ट दिली जाते, जूनची वाट बघणं. सुट्टी म्हणजे कुठे परत जायचंय हे माहीत असताना मिळालेला वेळ. तुला मे महिन्यात सुट्टी नसते गं, तू बेकार असतेस, तेवढ्यापुरती. ते तसं म्हणायला तुला लाज वाटते म्हणून तू पुस्तकं आणून ठेवतेस आणि मग ती वाचली नाहीत म्हणून परत स्वतःलाच बोल लावतेस.

म्हणून मिस्टरांचं ‘बस घरी’ तुला लागतं. त्यांना वाटतं प्रश्न पैशांचा आहे आणि पैसे माझ्याकडे आहेत म्हणजे प्रश्न सुटला. त्यांना सांग की घरी बसले तर तो मे महिना बारा महिन्यांचा होईल. एवढं वाक्य पुरे आहे. आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय ते माग, नवऱ्यांना नुसतं ‘समजून घ्या’ म्हणून कळत नाही. उदाहरणार्थ, मार्च ते जून मुलीला संध्याकाळचा एक तास त्यांनी बाहेर न्यायचं, रोज, न चुकता. तू ओरडतेस ती वेळ बहुतेक तीच असणार, दिवेलागणीची, तू दमलेली आणि ती भुकेली. आणि ओरडून झाल्यावर मुलीला जवळ घेऊन ‘मी कामाच्या टेन्शनमध्ये होते, तुझं काही चुकलं नव्हतं’ एवढं सांगत जा. पाच वर्षांच्या पोराला हे समजतं. न सांगितलं तर ते स्वतःचीच चूक समजून बसतं, अगदी तू करतेयस तसंच.

तुझ्याबरोबरच्या त्या आनंदी मॅडमचं म्हणशील तर तिला एकदा कॅन्टीनच्या बाहेर भेट. मला अशी बरीच पत्रं येतात आणि स्टाफरूममध्ये आपण आनंदात आहोत असं दाखवावं लागतं हे त्यात वारंवार येतं, कारण तक्रार करणारी मॅडम जूनमध्ये नको असते. तिचं खरंच छान चाललंय असंही असेल, घरचा दुसरा पगार, सासर-माहेरचा आधार, वेगळा स्वभाव, काहीही. पण तिचं तोंड बघून तू स्वतःला मार्क देऊ नकोस.

आता करायचं काय. परिस्थिती बदलायच्या गोष्टी आणि परिस्थितीत तग धरायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आधी तग धरायच्या बघू, कारण परिस्थिती बदलायला वेळ लागतो.

ते भरतीचे ग्रुप. दिवसातून पन्नास वेळा उघडतेस, त्यात कुणीतरी ‘वरून पक्कं कळलंय, दिवाळीनंतर जाहिरात’ टाकतं, कुणीतरी जुनीच पीडीएफ नवीन म्हणून फिरवतं, आणि प्रत्येक वेळी तुझं मन वर जातं आणि आपटतं. दहा वेळा उघडून एकदा काहीतरी मिळतं आणि त्या एकदासाठी माणूस परत परत उघडत राहतो, या सवयीची पकड फार चिवट असते. ग्रुप सोडू नकोस, माहिती लागते, पण म्यूट करून टाक आणि बघायची जबाबदारी वाटून घ्या. तुम्ही दोघी-तिघी असाल तर एका आठवड्याला एकीने बघायचं, आणि शासन निर्णय शासनाच्या वेबसाइटवर दिसला किंवा कॉलेजची जाहिरात पेपरात आली तरच बाकीच्यांना फोन. खरी जाहिरात निघाली तर अर्ज करायला मुदत असते, ती अर्ध्या तासात बंद होत नाही. पहिले चार दिवस हात शिवशिवतील, मग बरं वाटेल.

पैशाचं एक करून बघ. तुझे नऊ तास गुणिले ९०० म्हणजे आठवड्याचे ८,१०० होतात, वर्षात प्रत्यक्ष शिकवायचे साधारण ३० आठवडे धरले तर २ लाख ४३ हजार, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला वीस हजारांच्या थोडं वर. हा तुझा खरा पगार आहे. कमी आहे, तुझ्या शिक्षणाला शोभत नाही, मान्य, पण हा आकडा तुला माहीत असला पाहिजे. एक वेगळं खातं काढ, पेमेंट आलं की सगळं त्यात, आणि तिथून दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम तुझ्या रोजच्या खात्यात येईल असं बँकेला सांगून ठेव. अठरा हजार ठेव म्हणजे वर दोन हजार शिल्लक पडत जातील. पहिल्या वर्षी गाडं रुळावर यायला वेळ लागेल कारण आधीची उधारी असेल, त्यासाठी मिस्टरांच्या पगारातून उसने घेतलेस तरी चालतील, मात्र ते वहीत लिहून. मे महिन्यात पाच तारखेला मेसेज आला, रक्कम जमा, की त्या दिवशी छातीवरचं ओझं किती हलकं होतं ते मला कळव. पैसे तेवढेच आहेत पण ते कधी येणार हे आता तू ठरवतेयस, हा फरक लहान नाहीये.

फुकटची कामं. नॅकची फाइल केली की प्राचार्य लक्षात ठेवतील असं तुला वाटतं, आणि लक्षात ठेवतातही, पण पुढच्या वर्षीची फाइल द्यायला. सगळ्याला नाही म्हण असं मी सांगणार नाही, ते तुला परवडणार नाही आणि धोका तुझा आहे माझा नाही. पण वर्षाला एकच काम निवड, ज्यातून तुझ्या बायोडेटात काहीतरी पडतं, आणि ते मन लावून कर. बाकी कशासाठी बोलावलं तर वाद न घालता एवढंच म्हणायचं, “सर, मला तसं लेखी पत्र द्या ना, अनुभवात दाखवता येईल.” पत्र मिळालं तर तुझा फायदा, आणि पत्र द्यायचं म्हटलं की निम्मी कामं आपोआप दुसरीकडे जातात. शिवाय तुझ्या सगळ्या नेमणुकांची पत्रं, मान्यतेची पत्रं, बिलांच्या झेरॉक्स, मस्टरच्या पानांचे फोटो, आठही वर्षांचे, एका फायलीत लाव. या मे महिन्यात पुस्तकाऐवजी हे कर, डोक्याला जड नाही आणि उद्या कुठेही उभं राहायचं झालं तर तेच कामाला येईल.

आता सगळ्यात अवघड. तुला आठ वर्षं कशाने धरून ठेवलंय, आशेने. आशा चांगली असते असं सगळे सांगतात, मी इथे तसं सांगणार नाही. मुदत नसलेल्या आशेवर व्यवस्था फुकटात चालते, कारण पुढच्या वर्षी होईल असं वाटणारा माणूस या वर्षीचं सगळं सोसतो. तू स्वतःची एक तारीख ठरव. दोन वर्षं घे, तीन घे, पण कॅलेंडरवर लिही आणि मिस्टरांना सांगून ठेव. त्या तारखेपर्यंत तुझ्या विषयात, तुझ्या प्रवर्गात, तुला जाता येईल अशा अंतरावर जागा निघून तू मुलाखतीला बसलेली असशील तर पुढे विचार करायचा. ‘निघणार आहे’ हे मोजायचं नाही. नाहीतर सीएचबी सोडायचं, किंवा ठेवायचं झालं तर जोडधंदा म्हणून ठेवायचं, आयुष्य त्याच्यावर टांगून नाही.

आणि त्या तारखेची वाट बघत बसायचं नाही, दुसरा पाय आत्तापासून रोवायचा. बॉटनीत पीएचडी असलेल्या बाईला आपल्या भागात काहीच नाही असं नाहीये. ऊस आणि केळीची रोपं तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर लॅब आहेत, बियाणं कंपन्या आहेत, माती-पाणी परीक्षणाच्या लॅब आहेत, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या क्लासला बायॉलॉजी शिकवणारं चांगलं माणूस प्रत्येक तालुक्याला हवं असतं. क्लास म्हटलं की तुला कमीपणा वाटेल, वाटू दे, एकदा जाऊन बघ. महिन्याला एक अर्ज, एक फोन, एक ओळख, एवढंच. नोकरी लगेच मिळेल म्हणून हे सांगत नाहीये. प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरताना ‘हे गेलं तर सगळं गेलं’ आणि ‘हे गेलं तर मला अजून दोन ठिकाणं माहीत आहेत’ यात छातीच्या धडधडीचा फरक पडतो. सोडायचं नसलं तरी सोडता येतं हे माहीत असणं हवं.

टीवायच्या त्या मुलीला खरं सांग. शिकवणं किती सुंदर आहे ते सांग, कारण तुला ते अजून आवडतं हे तुझ्या पत्रात दिसतंय, आणि कायम जागा कशा भरल्या जात नाहीयेत तेही सांग, तासिकेचा दर सांग. मग तिला म्हण, एमएस्सी कर, सेट दे, पण बरोबर हातात एखादं लॅबचं काम शिकून घे. तुला बावीस वर्षांची असताना हे कुणी सांगितलं असतं तर? तू गप्प बसलीस कारण तुला वाटलं आपण तिला फसवतोय. सगळं सांगितलंस की फसवणूक उरत नाही.

शेवटी, हे एकटीने सोसायचं प्रकरण नाही आणि सुटणारही नाही एकटीने. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्यांच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असं लिहिलंय. २०१९ मध्ये यूजीसीने अतिथी अध्यापकांना तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार असा दर काढला, तुझ्या ९०० शी ताडून बघ. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या सरकारी कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना, जे महिना ३० हजारांवर राबत होते, कायम सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचा किमान पगार द्यायला लावला. तो निकाल त्या लोकांच्या परिस्थितीवरचा आहे, सीएचबीला आपोआप लागू होत नाही, पण ती माणसं एकत्र येऊन कोर्टात गेली म्हणून तो लागला. तुझ्या कॉलेजमध्ये सीएचबीवर तू एकटी नसणार. लगेच मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. सगळ्यात साधी, कुणाला न दुखवणारी मागणी घ्या: दर महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेपर्यंत कॉलेजकडून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला जावं आणि त्याचा जावक क्रमांक आम्हाला मिळावा. उशीर कुठे होतो, कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलावर का वरच्या ऑफिसात, हे आधी कळू दे. अर्जावर सगळ्यांच्या सह्या, एकीची नको, म्हणजे जूनमध्ये कुणा एकीला वेगळं काढता येणार नाही. सह्या गोळा करायला त्या आनंदी मॅडमपासूनच सुरुवात कर.

पण त्याच्या आधी आज रात्री मिस्टरांशी बोल, आणि या आठवड्यातली डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्यांनाच घ्यायला सांग.